तित्तिरांचा शेजार

हिंजवडी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय उभं राहतं? काचेच्या उंच इमारती, गळ्यात ओळखपत्रं अडकवून लगबगीनं चालणारी माणसं, मेट्रोचे खांब, आणि हो, वाहनांची ती मारुतीच्या शेपटासारखी लांबतच जाणारी रांग! तुमच्यापैकी कुणाचे आईबाबा रोज त्या रांगेत अडकत असतील तर त्यांनाच विचारा, ते माझ्यापेक्षा रंगवून सांगतील. मी तुम्हाला सांगणार आहे ती हिंजवडी जरा निराळी आहे. ती गवतात असते, झुडपांच्या बुडाशी असते, आणि पाहायची तर चार पावलं सावकाश टाकून, खाली वाकून पाहावी लागते.

गावाच्या मागच्या अंगाला, माणच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी आमच्या सासरचा अडीच एकरांचा एक तुकडा आहे. मी १९८९ साली लग्न होऊन इथे आले तेव्हा हिंजवडी हे मुळशी तालुक्यातलं एक साधं शेतकऱ्यांचं गाव होतं. ओढ्याकाठच्या खाचरांत भात, वरच्या वावरात ज्वारी नाहीतर हरभरा, आणि त्याच्याही वर नुसता माळ. चैत्रात म्हातोबाची यात्रा भरायची, बगाड निघायचं. ते आजही निघतं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी इथे माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्यांसाठी औद्योगिक वसाहत उभी राहू लागली आणि मग बघता बघता भाताची खाचरं दिसेनाशी झाली.

आमचा तुकडा तेवढा राहिला. तो काही आम्ही फार शहाणे म्हणून राहिला नाही. तो उताराचा आहे, खडकाळ आहे, गाडी वरपर्यंत जात नाही. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर त्यातल्या निम्म्याहून जास्त जमिनीपुढे एकच शब्द लिहिलाय : पोटखराबा. म्हणजे जिच्यात पीक येत नाही अशी जमीन. मला या शब्दाची पहिल्यापासून गंमत वाटत आली आहे. कारण या 'खराब' जागेत करवंद आहे, बोर आहे, हेकळ आहे, तरवड आहे. बांधाला जुन्या बाभळी आहेत. मधे मांडीइतकी उंच कुसळी वाढते, तिची कुसळं पायजम्यात अडकली की तासभर वेचत बसावं लागतं. आणि या सगळ्याच्या मधून रोज सकाळी आमचे पाहुणे येतात. त्यांना पंख आहेत, पण ते येतात मात्र चालत!

"काकू, तुमच्याकडे मोर येतात का हो?" आमच्याकडे आलेलं प्रत्येक मूल पहिल्यांदा हेच विचारतं. येतात की. पावसाळ्याच्या तोंडावर एखादा येतो, बांधावर मिरवतो, निघून जातो. मोराला १९६३ साली राष्ट्रीय पक्ष्याचा मान मिळाला, पुस्तकात धडा मिळाला, त्याचं बरं चाललंय. मी आज सांगणार आहे ते त्याच्या गरीब चुलतभावांबद्दल. त्यांच्यावर धडा नाही, आणि पाठीवर डोळे लावलेला पिसाराही नाही.

सगळ्यांत पहिला मान तित्तिराचा. आमच्या गावाकडे त्याला 'तितर' म्हणतात. आकारानं छोट्या कोंबडीएवढा, वजन पाव किलोपेक्षा थोडंसं जास्त. अंगावर करड्या, तपकिरी, बदामी अशा बारीक आडव्या रेघा, जणू कुणी जुन्या घोंगडीचाच अंगरखा शिवलाय. गळा फिका, त्याला काळ्या दोऱ्याची किनार. पाय तांबूस. नराच्या पायाला कोंबड्यासारखी अणकुचीदार आर असते, मादीला ती बहुधा नसते. बाकी दोघं सारखीच. पाच हातांवर उभा असला तरी दिसणार नाही, आणि दिसला की वाटतं, अरे, हा तर केव्हाचा समोरच होता!

दिसत नाही, पण ऐकू मात्र गावभर येतो. उजाडायच्या जरा आधी बाभळीवरून एखादा सुरुवात करतो. आधी घसा साफ केल्यासारखे दोन-तीन सुटे सूर, आणि मग 'क-तीतर, क-तीतर, क-तीतर!' लगेच ओढ्यापलीकडून दुसरा उत्तर देतो. पाहिलंत ना, नाव त्यानं स्वतःच सांगितलंय. आपल्या पूर्वजांनी कावळ्याचं, टिटवीचं बारसं असंच केलं. कान उघडे ठेवणारी माणसं होती ती.

आणि या नावाची मजल कुठपर्यंत गेली आहे माहीत आहे? थेट वेदापर्यंत! यजुर्वेदाची एक शाखा आहे, तैत्तिरीय. तिची पुराणातली गोष्ट अशी. याज्ञवल्क्यांवर त्यांचे गुरू वैशंपायन रागावले आणि म्हणाले, "माझ्याकडून शिकलास ते सगळं परत कर." याज्ञवल्क्यांनी ती विद्या ओकून टाकली. तेव्हा बाकीच्या शिष्यांनी तित्तिर पक्ष्यांची रूपं घेतली आणि ती टिपून घेतली. म्हणून ती शाखा तैत्तिरीय. तित्तिरी नावाच्या ऋषीवरून हे नाव आलं, असंही सांगतात. पण मला आपली पहिली गोष्ट आवडते. तित्तिरांना जमिनीवरचं काहीही टिपताना ज्यानं पाहिलंय, त्यालाच ती सुचली असणार.

शास्त्रज्ञांनी मात्र त्याच्या नावात पाँडिचेरी घातलंय, 'पाँडिसेरियानस'. पुण्याचं नाव मिळालं असतं तरी चाललं असतं, पुण्याच्या माळांवर काही कमी नाहीत. चंद्राचं चांदणं पिऊन राहतो म्हणतात तो आपल्या जुन्या कवितांमधला चकोर, तोही याच घराण्यातला. फक्त तो राहतो हिमालयाकडे. आणि चांदण्याचं म्हणाल तर तो दाणे आणि किडेच खातो हो.

आता तुम्ही विचाराल, पंख असताना हे चालत का येतात? त्याचं असं आहे, यांचं पोट भरतं ते जमिनीवर. गवताचं बी, गळलेले दाणे, टोळ, भुंगे आणि सगळ्यांत लाडकी म्हणजे वाळवी. पायांनी माती उकरायची, चोचीनं टिपायचं. त्यासाठी पाय हवेत बळकट. तसे ते आहेत. धोका दिसला की तित्तिर आधी धावतो, मान पुढे काढून, घाईत निघालेल्या एखाद्या कारकुनासारखा! अगदीच अंगावर आलं तर 'भुर्रर्र' करून उडतो. पंख जोरात फडफडतात, शेपटीतला तांबूस रंग क्षणभर चमकतो, आणि शे-दीडशे पावलांवर पुन्हा खाली. लांबचा प्रवास त्याच्या नशिबात नाही. बदकं सैबेरियातून येतात आणि परत जातात. तित्तिर जन्मतो त्याच माळावर बहुतेक सगळा जन्म काढतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

रात्री मात्र तो जमिनीवर झोपत नाही. दिवेलागणीला आमची सात-आठ मंडळी बांधावरच्या बाभळीत शिरतात. काट्यांत. कोल्हा, मुंगूस, भटकं कुत्रं यांपैकी कुणाला तिथे चढायची हौस येणार? माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते, एकदा म्हणाल्या होत्या, "बाभूळ तोडू नगा गं, तिच्यात तितराचं घर हाय." तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाची माया. पुढे रोज संध्याकाळी त्यांना बाभळीत जाताना मोजायला लागले, तेव्हा कळलं की त्या किती नेमकं बोलल्या होत्या.

दुपारचा एक खेळ तर पाहण्यासारखा असतो. पायवाटेला एका ठिकाणी माती पिठासारखी झाली आहे. तिथे ते येऊन चक्क अंघोळ करतात, धुळीची! कूस टेकायची, पंखांनी धूळ अंगावर उडवायची, पिसांत भरायची, मग उठून झटकायची. पिसांतला तेलकटपणा आणि उवांसारखे किडे यामुळे कमी होतात. आमच्या पुतणीनं हे पाहिलं त्या दिवशी संध्याकाळी तिनं हातपाय धुवायला साफ नकार दिला. "तितरं कुठे धुतात?" असं तिचं म्हणणं!

एका मे महिन्यात हेकळाच्या झुडपाखाली आम्हाला अंडी सापडली. घरटं म्हणजे काय, जमिनीत जरासा खळगा आणि त्यात चार गवताच्या काड्या. सात अंडी, दुधाच्या सायीच्या रंगाची, एकही ठिपका नाही. मला नवल वाटलं. टिटवीची अंडी उघड्यावर असतात, म्हणून तिच्या अंड्यांवर मातीचे डाग. इथे डागांची गरज नाही, कारण वर झुडूप आहे आणि झुडपाखाली घोंगडी पांघरलेली आई. ती बसली की अंडीही गेली आणि आईही गेली. आम्ही त्या बाजूची पायवाट बंद केली आणि लांबून जाऊ लागलो.

तित्तिराची मादी शहाणी असते. पहिलं अंडं घातलं की लगेच उबवायला बसत नाही. सगळी घालून होईपर्यंत थांबते आणि मग बसते. त्यामुळे पहिलं आणि सातवं, सगळी पिल्लं जवळजवळ एकाच वेळी बाहेर येतात. चिमणीचं पिल्लू जन्मतं तेव्हा उघडं, आंधळं, चोच वासून पडलेलं असतं. याचं पिल्लू म्हणजे लोकरीचा गोळा, डोळे टक्क उघडे आणि पायांना चाकं! आत्याबाईंच्या भाषेत, "तितराचं पोर उपजलं की पळतं." आई पुढे, मागे ही रांग. कुठे वाळवीचं वारूळ उकरलेलं असेल तर तिथे सगळ्यांचं जेवण. पिल्लांना वाढायला किडेच लागतात, नुसत्या दाण्यांवर भागत नाही. म्हणून ज्या वावरात किड्यांवर विषारी फवारे मारतात तिथे पिल्लांची उपासमार होते. त्या वर्षी सातांतली चार मोठी झाली. आमच्याकडे चार म्हणजे चांगला निकाल समजतात.

लाव्याची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण तो दिसतोच थोडक्यात. तुम्ही गवतातून आपल्या नादात चालला आहात आणि अचानक पायाखालून 'फुर्रर्र फुर्रर्र' करत मुठीएवढे दहा-बारा गोळे दहा दिशांना उडतात. काळजाचा ठोका चुकतो! पुढच्या क्षणी माळ रिकामा. हे लावे. शेवटच्या क्षणापर्यंत ते हलत नाहीत, तुमचा पाय पडायच्या बेतात आला की मगच उडतात. त्यांच्यासारखाच दिसणारा आणखी एक पक्षी आहे, त्याला इंग्रजीत बटनक्वेल म्हणतात. तो खरा लावा नाहीच. त्याच्या पायाला तीनच बोटं, मागचं बोट नाही. आणि त्याच्या घरचा कारभार उलटा! मादी मोठी, मादी जास्त रंगीत, मादीच 'डुर्रर्र' असा घुमणारा आवाज काढून नराला बोलावते आणि दुसऱ्या मादीशी भांडते. अंडी घातली की ती निघाली. उबवायचं आणि पिल्लं वाढवायचं काम बाबांचं. आमच्या ह्यांना हे मी मुद्दाम दोनदा वाचून दाखवलं.

टिटवी मात्र कुणाला सांगावी लागत नाही. लांब पिवळे पाय, डोळ्यांपुढे लाल चामडी, आणि रात्री-अपरात्री 'टिटीव-टिव, टिटीव-टिव'. हिचं ओरडणं अशुभ मानतात. काय म्हणावं! जमिनीवर अंडी आहेत, अंधारात कुणीतरी चाललंय, आई ओरडणार नाही तर काय करील? ती आकाश पडेल या भीतीनं पाय वर करून झोपते, असंही लोक सांगतात. झाडावर तर ती बसूच शकत नाही, कारण फांदी धरायला लागतं ते मागचं बोट तिला अगदीच नावापुरतं आहे. पण 'टिटवीदेखील समुद्र आटविते' अशी म्हण आपल्याकडे आहे, तीही हिचीच. समुद्रानं अंडी ओढून नेली तेव्हा चोचीनं समुद्र उपसायला निघालेली पंचतंत्रातली ती जोडी तुम्हाला आठवत असेल.

आमच्या शेजारच्या जमिनीवर एका इमारतीचं काम निघालं. मुरमाचे ढीग पडले. त्यांतल्याच एका सपाट ढिगावर टिटवीनं चार अंडी घातली, टोकं आत आणि जाडी बाजू बाहेर, अशी फुलासारखी. मुरूम आणि अंडं यांतला फरक मला दाखवल्यावरही ओळखता येईना. ते आधी पाहिलं जेसीबी चालवणाऱ्या मुलानं. एकोणीस-वीस वर्षांचा असेल, बिहारकडचा. टिटवी पंख पसरून त्याच्या त्या पिवळ्या धुडासमोर उभी राहिली, हटेना. त्यानं यंत्र बंद केलं, खाली उतरला आणि चार काठ्या रोवून त्यांना नारिंगी फीत बांधली. मुकादमानं आरडाओरडा केला. मुलगा म्हणाला, "दुसऱ्या ढिगाचा मुरूम आधी नेतो." काम काही अडलं नाही. टिटवीला उबवायला चार आठवडे लागतात. उन्हाच्या तिरपेत नर-मादी आळीपाळीनं बसत. मधूनच एक जण आमच्या हौदाच्या गळतीशी यायचा, पोटाची पिसं पाण्यात चिंब भिजवायचा आणि तसाच परत जाऊन अंड्यांवर बसायचा. माळावर एप्रिलमध्ये अंड्याला ऊब नको असते, गारवा हवा असतो! चारांतली तीन पिल्लं बाहेर आली. तो मुलगा पुढे दुसऱ्या कामावर गेला. जाताना फीत सोडून नीट गुंडाळून घेऊन गेला.

आता जरा अवघड गोष्ट सांगायची आहे.

पुण्याच्या भोवतालच्या डोंगरांना फेब्रुवारी-मार्चमध्ये वणवे लागतात. आपोआप नाही लागत. कुणाला वाटतं, जुनं गवत जाळलं की नवं जोमानं येतं. कुणी साप-विंचवांच्या भीतीनं पेटवतो, कुणी विडीचं थोटूक टाकतो. २०२२ च्या मार्चमध्ये एका रात्री डोंगराच्या वरच्या अंगाला लाल रेघ दिसली. वारा खाली आमच्याकडेच होता. अग्निशमन दलाची गाडी पायथ्यापर्यंत आली, पण वर चढणार कशी? आम्ही, शेजारची चार घरं आणि बांधकामावरचे मजूर, असे पंचवीस-तीस जण निंबाच्या नि करंजाच्या ओल्या फांद्या घेऊन वर गेलो. कुसळी कशी पेटते ते पाहिल्याशिवाय कळत नाही. कडकड आवाज येतो आणि आग माणसाच्या चालीनं नाही, धावण्याच्या वेगानं येते. तोंडावर ओला पंचा बांधून बडवत सुटायचं. आदल्या महिन्यात आमच्या ह्यांनी बांधालगत दहा फुटांचा पट्टा साफ करून ठेवला होता. वनखात्याची माणसं त्याला जाळरेषा म्हणतात. तिथे आग थबकली, पण पूर्वेच्या कोपऱ्यातून आत शिरली आणि अर्धा एकर घेऊन गेली.

त्या वेळी दोन ठिकाणी तित्तिराची अंडी आहेत हे आम्हाला माहीत होतं. एक हौदापाशी, ती वाचली. दुसरी त्या पूर्वेच्या कोपऱ्यात. सकाळी मी आणि पुतणी पाहायला गेलो. राख अजून कोमट होती. अंडी तिथेच होती, तडकलेली. आईचं काय झालं ते कळलं नाही. पुतणी तेव्हा नऊ वर्षांची होती. ती काही बोलली नाही, मीही बोलले नाही.

त्यानंतर पहाटे आवाज येईना. मी रोज पाचला उठून ओसरीवर बसायची. बुलबुल बोलले, कोतवाल बोलला, दूर रस्त्यावरच्या गाड्या सुरू झाल्या, तित्तिर गप्प. मघाशी मी तुम्हाला म्हटलं होतं ना, की हे लांब उडून जात नाहीत? चिमणी-कावळ्यांना दुसरीकडे आसरा मिळतो. यांच्या एका बाजूला इमारती, दुसऱ्या बाजूला रस्ता, तिसऱ्या बाजूला राख. जायचं कुठे? आठव्या दिवशी हौदाकडून एकच हाक आली. उत्तर आलं नाही. आणखी चार दिवसांनी ओढ्यापलीकडून उत्तर आलं. आत्याबाई चूल पेटवत होत्या, त्यांनी नुसती मान वर केली.

वणवा वाईट, हे कुणालाही पटतं. पण तित्तिराला धोका चांगल्या हेतूनंही होतो, आणि ते पटवून देणं फार कठीण जातं. माळ दिसला की लोकांना वाटतं, अरेरे, इथे काहीच नाही, झाडं लावूया! पुण्याच्या टेकड्यांवर अशीच गिरिपुष्पाची दाट लागवड झाली. झाडं जगली, हिरवंगार दिसलं, पण त्या सावलीत गवत खुरटलं आणि गवतावर जगणारे निघून गेले. झाड लावणं चांगलंच, फक्त माळ हा काही मोडका रान नव्हे. तो माळच असतो, पावसानं आणि खडकानं घडवलेला. या चुकीची सगळ्यांत मोठी किंमत माळढोकानं मोजली. मीटरभर उंचीचा हा धिप्पाड पक्षी महाराष्ट्राच्या माळांवर हिंडत असे. त्याच्यासाठी १९७९ साली सोलापूरजवळ नान्नजला अभयारण्य झालं. आज तिथे माळढोक दिसणं ही बातमी होते. तित्तिर काही इतका दुर्मीळ नाही. उलट तो चिवट आहे. माणसांनी नेऊन सोडला तर हवाई बेटांवरसुद्धा संसार थाटून बसलाय! पण एका जागचा तित्तिर संपला की त्या जागेपुरता तो संपतो. कोथरूड-बाणेरकडच्या जुन्या माणसांना विचारा, त्यांच्या दाराशी कधीकाळी कोण ओरडायचं.

पूर्वी शिकारही फार होई. फाशांनी तित्तिर-लावे धरण्यात फासेपारध्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यांचं नावच त्या फाशावरून पडलं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हे पक्षी धरणं, विकणं, पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा ठरलं. पण गंमत पाहा, अकोला-वाशीम भागात याच समाजातल्या मंडळींनी तणमोर नावाचा दुर्मीळ पक्षी वाचवायला गवताचे माळ राखायचं काम अंगावर घेतलं. गवतातला पक्षी कुठे बसेल, कधी उठेल, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार?

दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा आपल्या राज्यात पक्षी सप्ताह असतो. ५ तारखेला अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस, १२ तारखेला डॉ. सालिम अली यांचा. चितमपल्ली २०२५ च्या जून महिन्यात गेले. गेल्या पक्षी सप्ताहात जवळच्या शाळेतली बावीस मुलं आमच्याकडे आली. डबे, टोप्या, दुर्बिणी, सगळा सरंजाम! बावीस मुलं गवतातून चालली म्हणजे काय होतं ते तुम्हीच ठरवा. दोन तासांत एकही तित्तिर दिसला नाही. बाई बिचाऱ्या ओशाळल्या. मग डबे खायला सगळे ओसरीवर बसले. एक मुलगा जरा लाजाळू होता, तो आपला डबा घेऊन बाभळीच्या बाजूच्या पायरीवर एकटाच जाऊन बसला. थोड्या वेळानं तो तसाच न हलता, तोंडात घास धरून, डोळ्यांनी मला खुणावू लागला. पायवाटेच्या धुळीत तिघे अंघोळ करत होते! बाकीच्या एकवीस जणांना कळेपर्यंत ते अंग झटकून गेलेसुद्धा. त्या मुलाला बसमध्ये खिडकीची जागा मिळाली असं पुढे कळलं.

तुमच्यापैकी कुणाला पाहायचे असतील तर दुर्बिणीवाचून अडत नाही. भल्या पहाटे नाहीतर दिवेलागणीला जा, अंगात भडक रंग नको, कुत्रा बरोबर नको, आणि एका जागी बसून राहायची तयारी हवी. पावसाळ्यात गेलात तर आणखी एक मजा आहे. अंगभर पांढरे ठिपके आणि तांबूस तोंड असलेला रंगीत तित्तिर तेव्हा एखाद्या दगडावर किंवा बुटक्या झाडावर उभा राहून 'चिक-चीक-चीक-केरेऽ' असं ओरडतो. तो आमच्याकडे दरवर्षी येत नाही. आला त्या वर्षी मी गावात सगळ्यांना सांगत सुटते.

आता आमच्या तुकड्याचं सांगते. दोन वर्षांपासून एक एजंट घिरट्या घालतोय. भाव असा सांगतो की ऐकणाऱ्यानं खुर्ची धरावी. माझ्या धाकट्या दिरांचं म्हणणं आहे, विकून टाकू. ते काही लोभी नाहीत. त्यांच्या दोन मुलींची शिक्षणं आहेत, घरावर कर्ज आहे, आणि ज्या जमिनीतून पोतंभर ज्वारी निघत नाही ती धरून ठेवायची कशाला, हा प्रश्न सरळ आहे. शिवाय बाजूनं नवा रस्ता निघायचा आहे, त्याचीही आखणी सुरू आहे. त्या रस्त्याला मी विरोध कसा करू? शाळेची बस तासतासभर त्या रांगेत उभी असते, आत मुलं पेंगत असतात, ते मी पाहिलंय.

मी माझं मत सांगून ठेवलंय. खालचा सपाट एकर आहे, गोठ्याच्या बाजूचा, तो हवा तर विका. वरचा पोटखराबा, हौदासकट आणि बाभळींसकट, राहू द्या. जोडून वनखात्याचा डोंगर आहे, तेवढी वाट तरी तित्तिरांना उघडी राहील. ह्यांना हे पटतंय. दीर म्हणतात, खालचा एकर गेल्यावर वरच्याला वाट उरणार नाही, मग त्याला कोण विचारणार? मी म्हटलं, तेच तर हवंय! त्यावर ते हसले, पण हो म्हणाले नाहीत. पुतणी, म्हणजे त्यांचीच धाकटी, आता मोठी झाली आहे. ती तारीखवार वही ठेवते, बाभळीत किती शिरले, किती बाहेर आले. ती वही तिनं एके दिवशी वडिलांच्या ताटाशेजारी ठेवून दिली. त्यांनी जेवता जेवता पानं उलटली. काय वाटलं ते बोलले नाहीत.

जमिनीची मोजणी आता पावसाळ्यानंतर व्हायची आहे. तोवर वरच्या अंगाला गुरं सोडायची नाहीत आणि दिवाळी होईपर्यंत गवताला विळा लावायचा नाही, एवढं दोघा भावांनी आत्याबाईंसमोर कबूल केलंय.